उपयोग संपल्यानंतर

सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात त्याच्या मुदपाकखान्याचा हिशेब आहे. पूर्वी राजाच्या स्वयंपाकासाठी रोज लाखो प्राणी मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण. हरिणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असं तो खडकावर कोरून ठेवतो. लाखोंचा आकडा राजेशाही थाटातला म्हणून सोडून देऊ. तीनचा मात्र खरा वाटतो. अहिंसेची दवंडी पिटणाऱ्या दुसऱ्या एखाद्या राजाने स्वयंपाकघराचा विषयच काढला नसता. काढलाच असता तर तिथे आता फक्त कंदमुळं शिजतात असं ठोकून दिलं असतं. अशोक म्हणतो, अजून तीन आहेत. प्राण्यांशी कसं वागावं या विषयावर इतक्या प्रांजळपणे बोलणं आपल्याला त्यानंतर फारसं जमलेलं नाही.

हे पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाची पहिली अपेक्षा बहुधा अशी असेल की, मांस खावं की खाऊ नये याचा एकदाचा निकाल लागावा. तो इथे लागत नाही. शाकाहारी घरातल्या वाचकाला आपण या खटल्यातून केव्हाच निर्दोष सुटलो आहोत असं वाटत असतं; त्याने दुधावरचा लेख वाचावा. आणि 'निसर्गात सगळेच एकमेकांना खातात' असं म्हणून विषय मिटवणाऱ्याने कोंबड्यांवरचा. निसर्गात कुणी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा पक्षी तयार करत नाही, की अंड्यावरच्या कोंबडीला ए-फोर कागदाहूनही कमी जागेत उभं आयुष्य काढायला लावत नाही.

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाच्या दोन-तीन वाटा ठरून गेल्या आहेत, त्या थोडक्यात सांगतो. कान्टला प्राण्यांचा छळ नामंजूर होता, पण प्राण्यांसाठी नव्हे. कुत्र्याला छळणारा उद्या माणसालाही छळेल म्हणून. जेरेमी बेंथमने १७८९ साली छापलेल्या ग्रंथातल्या एका तळटीपेत सगळा पायाच बदलला. प्राण्याची अक्कल आणि वाणी तपासणं त्याने बाजूला ठेवलं आणि वेदना हीच कसोटी धरली. पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये ही कसोटी थेट कोंबड्यांच्या पिंजऱ्यांना आणि प्रयोगशाळांना लावली. टॉम रेगन यांना १९८३ मध्ये हेही अपुरं वाटलं. सुखदुःखाची बेरीज-वजाबाकी कशाला, ज्या जिवाला स्वतःचं आयुष्य आहे त्याला केवळ साधन म्हणून वापरताच येत नाही, हे त्यांचं म्हणणं. सिंगर यांच्या हिशेबात काही वापर बसू शकतो, रेगन यांच्या हिशेबात तो बसत नाही. दोघांना वाचताना मला एक अडचण येते. त्यांच्या डोळ्यांसमोरचा प्राणी कारखान्यातला किंवा प्रयोगशाळेतला आहे, खाणाऱ्याने तो कधी पाहिलेलाच नाही. आपल्याकडचं जनावर दावणीला असतं, त्याला नाव असतं आणि त्याच्या जिवावर घर चालतं.

म्हणूनच मराठीतला वाद वेगळ्या जागेवरून सुरू होतो. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गोऱ्या शिपायांच्या खाण्यासाठी होणारी गाई-बैलांची कत्तल थांबवा अशी मागणी केली, ती शेतकऱ्याच्या औताला बैल उरत नाहीत म्हणून. धर्माचा तिथे संबंध नव्हता. सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असं ठणकावलं आणि पूजा सोडून पालन करा असं बजावलं. विनोबांनी १९७९ साली गोवधबंदीसाठी उपोषण केलं आणि १९८२ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून देवनारच्या कत्तलखान्यापुढे सत्याग्रह सुरू झाला. फुले आणि सावरकर एरवी कुठेही एका बाकावर बसणार नाहीत, पण इथे दोघांच्या युक्तिवादाचा खांब एकच आहे, उपयोग. उपयोग संपला की त्या खांबावरची दया कुठे जाते, याचं उत्तर दोघांकडेही पुरतं सापडत नाही. विनोबांचं उत्तर सरळ होतं, सांभाळा. खर्च कुणाच्या खिशातून, हे मात्र तेव्हाही ठरलं नाही आणि अजूनही ठरलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्राणी वापरावेत की नाही यावर हमरीतुमरीवर येण्याआधी, वापरून झालेल्या प्राण्याचं काय होतं ते पाहावं. भाकड गाय, गोऱ्हा, टोणगा, शर्यतीतून बाद झालेला बैल, अंडी आटलेली कोंबडी. कामाच्या जनावराला सगळेच जपतात. त्यात नीती थोडी आणि व्यवहार जास्त.

बैलापासून सुरुवात करू. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. बैलाच्या मानेवर, जू बसतं त्या जागी, हळद आणि लोणी चोळतात. ती जागा हात लावून पाहावी. काही बैलांची तिथली कातडी केस झडून घट्ट्यासारखी निबर झालेली असते. काहींची सुजून वर आलेली, बोट दाबलं तर आत पाणी धरल्यासारखी लागते, आणि बैल मान काढून घेतो. ही खांदेसूज. हंगामात विश्रांती मिळाली नाही की ती फुटते आणि जखमेवर माशा बसतात. वर्षभर ज्या खांद्यावर ओझं ठेवलं त्यालाच एक संध्याकाळ लोणी लावण्यात कुणाला ढोंग दिसेल. मला दिसत नाही. लोणी लावणाऱ्याला बैलाचा खांदा नेमका कुठे दुखतो ते ठाऊक असतं, आणि हे ज्ञान पुस्तकं वाचून येत नाही. पण वेसण ओवतो तोही हाच माणूस, पराणीची आर टोचतो तोही हाच, आणि गोऱ्हा खच्ची करायला धरतो तोही हाच. माया आणि वापर इथे वेगळे काढता येत नाहीत.

ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. दिवसात नऊ तासांहून जास्त काम द्यायचं नाही. पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे उसाने लादलेल्या टायरगाड्यांची रांग लागते, तिथे जाऊन हे नियम वाचून दाखवावेत. बीडकडून उचल घेऊन आलेल्या तोडणी कामगार नवरा-बायकोचे तास कुणी मोजत नाही, तिथे बैलाचे कोण मोजणार? शहरात बसून बैलाची कणव करणाऱ्याने हे आधी पाहिलं पाहिजे. गाडीवानाला गुन्हेगार ठरवणं सोपं आहे. त्याच्या खेपांचा दर ठरवणाऱ्यापर्यंत कुणी जात नाही.

हा बैल आता कमी होत चालला आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या नर गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटली, माद्यांची मात्र सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. ट्रॅक्टर आला, हे एक कारण. दुसरं दुधाचं. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला 'बाएफ' सुरू केली आणि पुढे होल्स्टिन, जर्सी वळूंचं गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारात पोचलं. त्या संकरित गाईंनी कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली, ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण संकरित गाईच्या पोटी जवळजवळ निम्मी वासरं नर निपजतात. त्यांना वशिंड नावापुरतं, म्हणून जू नीट बसत नाही. ऊन सोसत नाही, म्हणून औताला टिकत नाहीत. गोऱ्हा जन्मतो तोच बाद होऊन. त्याला मारावंही लागत नाही. चीक पुरेसा पाजला नाही, आईपासून लवकर तोडलं, की हगवण लागते आणि तो आपसूक जातो. कुणाच्या हातून हत्या झालेली नसते आणि घरात दुधाला विटाळही लागत नाही. म्हशीच्या नर रेडकाची गत तीच. कलकत्त्यात गाई-म्हशींचं दूध पिळून काढण्यासाठी चालणाऱ्या फुंक्याच्या अघोरी प्रकाराबद्दल कळल्यावर गांधींनी दूध सोडलं होतं. पुढे आजारपणात कस्तुरबांच्या सुचवण्यावरून ते शेळीच्या दुधावर आले, आणि व्रताचा शब्द पाळला पण आशय मोडला हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. गोऱ्ह्याच्या बाबतीत एवढी कबुलीही आपण कुणी दिलेली नाही.

यावर आता तांत्रिक उपाय निघाला आहे. लिंगनिश्चित वीर्यमात्रा वापरली की सुमारे ९० टक्के कालवडीच होतात. जर्मनीत २०२२ पासून अंड्यांच्या उद्योगातली एक दिवसाची नर पिल्लं मारायला बंदी आहे; तिथेही अंड्यातच नर-मादी ओळखण्याची यंत्रं आली. नको असलेला जीव जन्मालाच येऊ नये, हे बेंथमच्या मापाने उत्तमच. माझाही विरोध नाही. पण गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, ज्या राज्याला करावा लागला, त्याच राज्यात गोठ्यातली उलटी निवड अनुदानावर चालते, हे वाचताना थोडं थबकायला होतं.

कायद्याने काय केलं ते पाहू. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१५ मध्ये अमलात आली आणि बैल व वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली, परराज्यातून आणलेलं मांस बाळगण्यावरची बंदी तेवढी रद्द केली. म्हैस आणि रेडा यातून मोकळे. सुरी म्हशीच्या मानेला कमी लागते असं कुणी सिद्ध केल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा हा कायदा वेदनेवर आधारलेला नाही हे उघड आहे. त्याने मारणं थांबवलं, सांभाळणं सुरू केलं नाही. पूर्वी आठवडी बाजारात म्हातारी जोडी मोडून, पदरची भर घालून शेतकरी तरणी जोडी आणी. ती साखळी तुटली आणि तिच्यातला शेतकरी, व्यापारी, कुरेशी खाटीक असे सगळेच कडेला पडले. म्हातारा बैल आता दारात उभा राहतो, किंवा नाइलाज झाला की रात्रीतून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडला जातो.

मेलेल्या जनावराचा प्रश्न तर आणखी जुना. गाईला माता म्हणणारं गाव मेलेल्या मातेला हात लावत नसे. ती ओढून नेण्याचं काम महारांवर आणि कातड्याचं काम ढोर-चांभारांवर लादलेलं होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं आपल्या लोकांना सांगितलं. २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. प्राण्यांच्या नीतीवर लिहिणारे बहुतेक जण हे प्रकरण गाळतात. या पुस्तकाने गाळलेलं नाही, आणि माझ्या मते पुस्तकाचं सगळ्यात मोठं काम तेच आहे.

बैलगाडा शर्यतीचा वाद वाचकाला ठाऊक असेल. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये, बैलाचं शरीर घोड्यासारखं पळण्यासाठी घडलेलं नाही असं म्हणून शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. खेड, जुन्नर, आंबेगावच्या घाटांत पुन्हा भंडारा उधळला गेला. शर्यतवाल्यांचा मुख्य युक्तिवाद असा, की शर्यत बंद झाली तर खिल्लार कुणी पाळणार नाही. तो खोटा नाही, आणि म्हणूनच अस्वस्थ करतो. त्यात कबुली आहे की, त्या जातीला जगण्याचा हक्क तिच्या उपयोगापुरताच. पळणाऱ्या बैलाला दूध, अंडी, बदाम चारतात, त्याला पोटच्या पोरासारखं जपतात. घाटात पाय मोडलेल्या बैलाचं पुढे काय झालं, हे बक्षीस समारंभात कुणी विचारत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात नांदणीच्या जैन मठातली माधुरी हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेली, तेव्हा हजारो माणसं रडली, रस्त्यावर उतरली. ते रडणं खोटं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. तिच्या पायांच्या दुखण्यांचे अहवालही खोटे नव्हते. गावाने तिच्यावर तीन दशकं माया केली आणि त्या तीन दशकांत तिने दुसरी हत्तीण जवळजवळ पाहिली नाही. कळपात राहणाऱ्या प्राण्याला एकटं ठेवून आपण त्याच्यावर प्रेम करू शकतो का, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकूच आला नाही. दोन्ही बाजू ती कुणाची यावरच भांडत राहिल्या.

आता माझ्यापुरतं सगळ्यात अवघड उदाहरण. सर्पदंशावर दिलं जाणारं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला वाढत्या मात्रेत टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात. मुंबईच्या परळमधल्या हाफकिन संस्थेचं नाव महाराष्ट्राला या कामामुळेही ठाऊक आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावली असा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यातली. भातखाचरात घोणस चावलेल्या बाईच्या खाटेपाशी उभं राहून घोड्याच्या हक्कांवर बोलायला माझी जीभ रेटणार नाही. इथे मी वापराच्या बाजूने आहे आणि रेगन यांच्या विरोधात. पण बाजू घेतली म्हणजे घोड्याचं देणं फिटत नाही. टोचल्या जागी त्याला गळवं होतात, पुनःपुन्हा रक्त काढल्याने तो अशक्त होतो.

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन सूत्रं मांडली, ती जगभर चालतात: पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा. भारतात प्राणीप्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीने त्यांत चौथं घातलं, पुनर्वसन. प्रयोग झाल्यावर प्राण्याची जबाबदारी संपत नाही, आणि त्याच्या पुढच्या देखभालीचा खर्च हा प्रयोगाच्याच खर्चात धरायचा. सरकारी कागदात इतकी चांगली कल्पना क्वचित सापडते. ती अमलात किती येते हा भाग वेगळा. पण हिशेबाची रीत बरोबर आहे. ती आपल्याला नवीही नाही. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्यावरून दंगल झाली आणि त्यानंतर दोन वर्षांत पांजरपोळ उभा राहिला. असे पांजरपोळ व्यापारी आपल्या उलाढालीवर पट्टी बसवून चालवत. निरुपयोगी जनावराचा चारा उपयोगी मालाच्या किमतीतून निघत असे.

हीच रीत दुधाला लावून पाहावी, अशी माझी सूचना आहे. लिटरमागे जो दर आपण देतो त्यात गाईच्या भाकड वर्षांचा चारा आणि गोऱ्ह्याचं पोट धरलेलं नाही. ते धरलं तर दूध महाग होईल आणि कमी प्यायलं जाईल. गाईवर निबंध लिहिणाऱ्या, मिरवणुका काढणाऱ्या आणि कायदे मागणाऱ्या आपल्यापैकी किती जण ती किंमत मोजायला तयार आहेत, हे एकदा कळू तरी दे. शेतकऱ्याने एकट्याने ती मोजावी असं म्हणणाऱ्याला मी या विषयावर बोलण्याचा अधिकार देत नाही.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून पाठपुरावा केला, त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. जनावराला मारहाण केली, पेलणार नाही एवढं ओझं लादलं, उपाशी ठेवलं, तर पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड त्यात लिहिला आहे. तेव्हा ती रक्कम जाणवण्याजोगी होती. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी लोकांपुढे ठेवला, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून तेवढाच आहे.

पुस्तकातले लेख कोणत्याही क्रमाने वाचता येतील. माझी विनंती अशी की, तत्त्वज्ञानावरचे लेख शेवटी ठेवावेत आणि सुरुवात भाकड जनावरांवरच्या लेखापासून करावी. तो सगळ्यात लांब आहे, थोडा रटाळ आहे, त्यात चाऱ्याच्या भावांचे तक्ते आहेत. ते तक्ते गाळू नयेत.